जुन्या पाद्रा रोडवरची त्रिशूळवाली गाडी

पाद्रारोडकर (रविवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

आज सकाळी सेवउसळ खाऊन परतताना जुन्या पाद्रा रोडवर एका जुन्या गाड्यांवाल्याकडे थांबलो. घरी सात सीटांची गाडी घ्यायचं चाललंय. आईच्या गुडघ्यांमुळे उंच हवी, म्हणून नुसतं बघायला गेलो होतो. तिथे दोन फॉर्च्युनर आणि एक क्रेटा यांच्या मधोमध काळपट निळी मासेराती क्वात्रोपोर्ते उभी! पुढच्या जाळीवर तो प्रसिद्ध त्रिशूळ, आणि त्या त्रिशुळावर तिथल्या पोऱ्यानं ओला फडका वाळत घातलेला.

भाव विचारला. नव्या फॉर्च्युनरला मोजाल त्यापेक्षा कमी. नवी असताना हीच गाडी दीड कोटीच्या घरात होती. शेठ म्हणाला, "बसा ना साहेब, बसायचे पैसे नाही." बसलो. चामडं सुरेख, डॅशबोर्डच्या मध्यावर ते अंडाकृती घड्याळ, सगळं एखाद्या जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यासारखं. मग सवयीनं काच खाली करायला बटणाकडे हात गेला आणि दिवाणखान्यात एकदम सनमायका लावलेला दिसावा तसं झालं. घरी येऊन वाचलं, तर ही बटणं, दिव्यांचा गोल स्विच, मधला पडदा, सगळं तेव्हाच्या मालकाच्याच क्रायस्लर आणि डॉज गाड्यांतून उचललेलं. म्हणजे अमेरिकेत टॅक्सीला लागतात त्या गाड्यांमधून.

प्रश्न असा. १९१४ साली बोलोन्यात सुरू झालेलं घराणं. फँजिओनं १९५७ चं फॉर्म्युला वन शर्यतींचं विश्वविजेतेपद याच त्रिशुळाच्या गाडीतून जिंकलं. ते इथवर कसं आलं? मालकानं मारलं की आपल्या मरणानं मेलं?

---

खंडेराव_मार्केट (रविवार, रात्री १०.०५)

क्वात्रोपोर्ते म्हणजे इटालियनमध्ये 'चार दारं'. आपल्याकडे कुणी वाड्याचं नाव 'चौदारी' ठेवलं तर लोक हसतील. तिकडे ठेवलं की दीड कोटी.

बाकी फडका वाळत घातला यात नवल काय? त्रिशूळ आहे, दांडी आहे, ऊन आहे.

---

लेखाजोखा (रविवार, रात्री १०.४०)

पाद्रारोडकर, मेलं अजून नाही, पण अतिदक्षता विभागात आहे खरं. मी दांडिया बाजारात बसून लोकांचे ताळेबंद बघतो, तेव्हा माझ्या भाषेत सांगतो.

२०१२ मध्ये मासेरातीनं जगभरात सहा हजारांच्या जरा वर गाड्या विकल्या. २०१७ मध्ये सुमारे ५१,५००. पाच वर्षांत आठपट. मग २०१९ मध्ये १९,३००. मधे थोडी उचल खाऊन २०२३ मध्ये २६,६००. आणि २०२४ मध्ये ११,३००.

२०२३ ला धंद्यातून १४.१ कोटी युरो नफा होता, २०२४ ला २६ कोटी युरो तोटा. भागाकार करा. विकलेल्या प्रत्येक गाडीमागे २३,००० युरो तोटा, म्हणजे आपले २० लाखांच्या आसपास. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक क्रेटा फुकट वाटली असती तरी हिशोब जवळपास तिथेच आला असता.

आता शेजारी बघा. मासेरातीच्या मोदेनापासून फेरारीचं मारानेलो अगदी जवळ, बडोद्याहून हालोलपेक्षाही जवळ. तिथे फेरारीनं त्याच २०२४ मध्ये १३,७५२ गाड्या विकल्या आणि निव्वळ नफा दीड अब्ज युरोंच्या वर. गाड्या जवळपास तेवढ्याच. म्हणजे 'कमी विकल्या म्हणून बुडाले' हे म्हणणं खरं नाही. ५१,५०० विकण्यासाठी मांडलेल्या संसारात ११,३०० विकल्या म्हणून बुडाले.

---

साचेवाला (सोमवार, सकाळी ६.१५)

पाद्रारोडकर, स्विचवर राग काढू नका. मी मकरपुरा जीआयडीसीत टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा गाड्यांच्या प्लास्टिक पार्टांवर. स्विचची बाजू कुणीतरी घ्यायला हवी.

खिडकीचं बटण म्हणजे तुम्हाला चिमूटभर प्लास्टिक दिसतं. पण त्याचा साचा दोन रंगांचा असतो. आधी पांढरं अर्धपारदर्शक, वर काळं, मग काळ्यावर लेझरनं खिडकीचं चित्र खरवडायचं, म्हणजे रात्री आतला दिवा त्या चित्रातून दिसतो. साच्याच्या पोलादावर तेजाबानं दाणा उठवायचा, नाहीतर पार्ट खेळण्यासारखा चकाकतो. आत स्प्रिंग, संपर्क, छोटी पट्टी. हे झाल्यावर चाचण्या. बटण हजारो वेळा दाबायचं, भट्टीत ठेवून दाबायचं, बर्फात ठेवून दाबायचं, वर गोड कॉफी सांडून दाबायचं. आमच्याकडे एक पोरगा महिनाभर फक्त सांडायच्या कामावर होता.

हा सगळा खर्च तुम्ही एक गाडी विका की लाख, तेवढाच. समजा सगळं मिळून ४ कोटी. वर्षाला ६,००० गाड्या विकणारा मॉडेल सात वर्षं चालवतो, म्हणजे ४२,००० गाड्या. गाडीमागे साडेनऊशे रुपये. वर्षाला तीन लाख विकणाऱ्याला तोच खर्च गाडीमागे एकोणीस रुपये. आता मालक एकच असेल तर तो म्हणणारच, बाबा, माझ्याकडे बटण तयार आहे, नवा साचा कशाला?

---

त्रिशूळभक्त (सोमवार, सकाळी ८.३०)

काका, पण दीड कोटीच्या गाडीत साडेनऊशे रुपये???

मी टेक्नॉलॉजी फॅकल्टीत तिसऱ्या वर्षाला आहे (कलाभवनवाले, हो). आणि माझं म्हणणं, लोक बटणं बघतात, इंजिन बघत नाहीत. त्या क्वात्रोपोर्तेचं पेट्रोल इंजिन मारानेलोला फेरारीच्या कारखान्यात जुळायचं. पुढे फेरारीनं इंजिन द्यायचं थांबवायचं ठरवलं, तर यांनी स्वतःचं 'नेत्तुनो' केलं. तीन लिटर, सहा सिलिंडर, ६३० पीएस. मुख्य ज्वलनकक्षाच्या वर एक छोटी खोली असते, ठिणगी आधी तिथे पडते आणि जळता झोत खालच्या मोठ्या खोलीत घुसतो. शर्यतीच्या गाड्यांतलं तंत्र रस्त्यावर आणलंय. २०२० च्या एमसी-२० या मासेरातीच्या गाडीत ते आलं. मेलेलं घराणं असं इंजिन करतं का?

---

साचेवाला (सोमवार, सकाळी ९.०५)

बाळ, पोस्ट टाकल्यावर मीही तोच भागाकार परत केला आणि मलाच हसू आलं. साडेनऊशे वाचवायला कुणी दीड कोटीचं नाक कापत नाही.

पण एकटं बटण नसतं रे. असे शेदीडशे पार्ट धर, म्हणजे गाडीमागे लाख-सव्वा लाख. आणि खरी गोम त्याच्याही आत आहे. हल्लीचं बटण काचेच्या मोटरला थेट वीज देत नाही. ते वायरीवरून निरोप पाठवतं, 'डावी पुढची काच खाली'. तो निरोप एक कंट्रोलर वाचतो आणि मग मोटर फिरते. स्वतःचं बटण हवं तर निरोपाची भाषा जुळवा, कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदला, सगळी तपासणी पुन्हा. म्हणून एकदा मोठ्या भावाच्या घरातली वायरिंग उचलली की बटणं, पडदा, दिव्यांचा स्विच असं सगळं बिऱ्हाड पाठोपाठ येतं. नुसता त्याचा पाटा-वरवंटा मागितला आणि त्याच्याबरोबर त्याची सासूही आली, असं.

माझा नियम सांगतो, चूक-बरोबर तुम्ही ठरवा. हाताला लागत नाही ते खुशाल वाटून घ्या. हाताला लागतं ते आपलं करा, मग साडेनऊशे जाऊ देत.

---

लेखाजोखा (सोमवार, दुपारी १.२०)

काका, नियम छान आहे पण पुरावा उलटा आहे. पोर्शची पहिली कायेन आठवा, २००२ ची. तिची दारं फोक्सवॅगन तुआरेगचीच होती. अख्खी दारं! हाताला दारापेक्षा जास्त काय लागतं? तरी त्याच गाडीनं पोर्शला श्रीमंत केलं. लँबोर्गिनीची उरूस ज्या सांगाड्यावर उभी आहे त्यावर ऑडी क्यू-७ आणि बेंटलीसुद्धा उभ्या आहेत. लँबोर्गिनीनं २०२३ मध्ये पहिल्यांदाच दहा हजारांचा आकडा ओलांडला, आणि नफ्यात.

म्हणजे फोक्सवॅगनसारख्या मोठ्या मालकाच्या घरात राहणं हा रोग नाही. वाटून घेणं हाही नाही. रोग म्हणजे आकडा. मासेरातीची मालक फियाट, तिचे तेव्हाचे प्रमुख मार्किओने यांनी २०१४ च्या योजनेत मासेरातीला सांगितलं, २०१८ पर्यंत ७५,००० गाड्या विका. २०१२ मध्ये सहा हजार विकणाऱ्याला!

७५,००० गिऱ्हाइकं त्या किमतीला मिळत नाहीत. मग काय करतात? अमेरिकेत गाडी महिन्याच्या भाड्यावर द्यायची, त्यावर कंपनीनं स्वतःच्या खिशातून सूट घालायची. तीन वर्षांनी त्या सगळ्या गाड्या एकदम परत येतात आणि जुन्या बाजारात पडतात. जुनीचा भाव कोसळला की नवीच्या भाड्याचा हप्ता चढतो, कारण हप्ता म्हणजे बव्हंशी भावातली घटच असते. मग हप्ता खाली आणायला अजून सूट. हे चक्र एकदा लागलं की बटणं सोन्याची लावा, फरक पडत नाही.

एन्झो फेरारीच्या नावावर एक वाक्य सांगतात, की बाजार मागेल त्यापेक्षा एक गाडी कमी करायची. एकाच उद्योगघराण्याच्या छताखाली इतकी वर्षं दोन दुकानं. एकात एक कमी, दुसऱ्यात साठ हजार जास्त.

---

खंडेराव_मार्केट (सोमवार, दुपारी १.३५)

म्हणजे रुखवतातलं ताट पंगतीला मांडलं.

---

हालोल_बी_शिफ्ट (सोमवार, रात्री ११.४५)

शिफ्ट संपवून लिहितोय, चुकभूल द्यावी घ्यावी. मी आधी जनरल मोटर्सच्या आणि आता एमजीच्या कारखान्याला माल पुरवणाऱ्यांकडे काम केलंय, तेव्हा हालोलच्या फाटकातून मालक बदलताना बघितलेत. त्या आवारात आधी हिंदुस्तान मोटर्सचे ट्रक निघायचे. १९९६ ला ओपेल ॲस्ट्रा आली. मग ओपेल गेली, शेवरोले आली. ऑप्ट्रा मुळात कोरियाच्या देवूची लासेट्टी, टवेरा मुळात इसुझूची, पण नाकावर सोनेरी बो-टाय लावला की सगळ्या एका जातीच्या. एप्रिल २०१७ ला लाइन थांबली. आता तिथून एमजी निघते. नाव ब्रिटिश, मालक चिनी, २०२३ मध्ये ठरल्याप्रमाणे भागीदार जिंदाल, आणि हात आमचे पंचमहालचे.

पण मला साबबद्दल सांगायचंय. जीएमच्या घरातलीच ती. स्वीडनची विमानं करणारी कंपनी, १९४९ पासून मोटारी. त्यांची एक खूण होती, चावी स्टिअरिंगजवळ नाही, दोन सीटांच्या मधे लावायची. साबवाला डोळे मिटून ओळखावा. १९८९ च्या अखेरीस जीएमनं निम्मा हिस्सा घ्यायचा सौदा केला, २००० ला सगळी घेतली. मग अमेरिकेत विकायला मोठी गाडी हवी झाली. घ्या, शेवरोलेची ट्रेलब्लेझर आहेच. झाली साब ९-७एक्स. लहान हवी? सुबारूची इम्प्रेझा आहे. झाली साब ९-२एक्स.

आणि ट्रेलब्लेझरची साब करताना काय केलं माहितीये? चावी उचलून सीटांच्या मधे बसवली. म्हणजे खूण कोणती हे त्यांना बरोबर माहीत होतं. देवघरातला टाक तेवढा उचलून आणला, घर तिकडेच राहिलं.

डिसेंबर २०११ ला साबचं दिवाळं निघालं. त्याआधी चिनी कंपन्या घ्यायला तयार होत्या, पण गाडीच्या आत तंत्रज्ञान जीएमचं. जीएम म्हणाली, ते आम्ही त्यांच्या हाती देणार नाही. विषय संपला. तेव्हा साचेवाला काकांच्या 'हाताला न लागणारं वाटून घ्या' यात एक ग्यानबाची मेख आहे. आतलं सगळं मालकाचं झालं की घर सोडून जाताही येत नाही.

---

साचेवाला (मंगळवार, सकाळी ६.०५)

हे मात्र खरं. रात्रभर डोक्यात राहिलं.

---

माहेर_इंदूर (मंगळवार, सकाळी ११.१५)

मी मूळ इंदूरची, लग्न होऊन बडोद्यात. अवांतर आहे पण राहवत नाही.

आमच्या यशवंतराव होळकरांनी (माणिकबाग राजवाडा बांधला ते) १९३० च्या दशकात एक ड्युसेनबर्ग मागवली होती. सांगाडा आणि इंजिन अमेरिकेचं, वरचं अंग लंडनच्या गर्नी नटिंगकडून. रंग होळकरांचे, केशरी आणि काळा. माझे आजोबा सांगायचे की पुढच्या लाल-निळ्या दिव्यांवरून आत महाराज आहेत की महाराणी ते पोलिसांना कळायचं. आजोबांनी दिवे बघितले होते की नुसतं ऐकलं होतं, देव जाणे.

सांगायचं कारण, ड्युसेनबर्गसुद्धा दुसऱ्याच्याच घरात होती. १९२६ मध्ये कॉर्ड नावाच्या माणसानं विकत घेतली. ऑबर्न नावाच्या साध्या गाड्या विकून तो वर आलेला. पण त्यानं ड्युसेनबर्ग बंधूंपैकी फ्रेडला सांगितलं, जगातली सगळ्यात भारी गाडी कर, आणि ती १९२८ ला झाली. मग मंदी आली, १९३७ ला सगळा डोलारा कोसळला. कंपनी बुडाली पण नाव कधी स्वस्त झालं नाही. आज होळकरांच्या त्या गाडीच्या किमतीत अलकापुरीची अख्खी गल्ली येईल.

बुडायचंच असेल तर असं बुडावं, असं आपलं मला वाटतं.

---

खंडेराव_मार्केट (मंगळवार, सकाळी ११.२०)

ताई, अलकापुरीत घर घ्यायला आलेल्यांना हे सांगू नका, भाव वाढतील.

---

व्यवस्थापक (मंगळवार, दुपारी १२.००)

संस्थानिकांच्या गाड्यांसाठी वेगळा धागा आहे, २०२३ मध्ये लक्ष्मीविलासात भरलेल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचे फोटोही तिथेच आहेत. इथे मूळ विषयावर या. (दिवे बघितलेलं कुणी असेल तर मात्र इथे लिहिलं तरी चालेल.)

---

त्रिशूळभक्त (मंगळवार, दुपारी ४.५०)

सगळे मालकाला शिव्या घालताय म्हणून वंशावळ देतो, जरा बघा.

भावांनी सुरू केली. पैकी मारिओ चित्रकार, त्याला गाड्यांत रस नव्हता, त्रिशूळ मात्र त्यानं काढला, बोलोन्याच्या चौकातल्या नेपच्यूनच्या पुतळ्यावरून. १९३७ ला ओर्सी घराण्यानं घेतली आणि पुढे मोदेनाला नेली. १९६८ ला सिट्रोएन आली. सिट्रोएननं मासेरातीचं व्ही-सिक्स इंजिन स्वतःच्या एसएम नावाच्या गाडीत घातलं आणि बदल्यात आपले हायड्रॉलिक ब्रेक मासेरातीत घातले. मग १९७३ चं तेलसंकट. मे १९७५ मध्ये सिट्रोएननं हात वर केले, कंपनी मोडीत काढायचं ठरलं. इटलीचा सरकारी पैसा आणि गाड्या करणारे दे तोमासो यांनी वाचवली. १९८१ ला त्यांनी स्वस्तातली बायटर्बो काढली. १९९३ ला पूर्ण फियाटकडे. १९९७ ला निम्मी फेरारीकडे, १९९९ ला पूर्ण. २००५ ला परत फियाट. मग फियाट-क्रायस्लर. जानेवारी २०२१ ला प्यूजो-सिट्रोएनशी लग्न होऊन स्टेलांटिस, एका घरात चौदा नावं.

लक्षात आलं का? १९७५ ला ज्या सिट्रोएननं दाराबाहेर काढलं, ४६ वर्षांनी परत त्याच सिट्रोएनशेजारी पान मांडलंय! आपल्या इथे रस्त्यावर धावणारी सी-३ आणि एमसी-२० आता चुलत बहिणी आहेत.

आणि मुद्दा असा की १९७५ ला बाहेरून पैसा आला नसता तर नंतरचं एकही मॉडेल झालं नसतं. १९९३ लाही तेच. पोसलंय त्यांनी.

---

पाद्रारोडकर (मंगळवार, रात्री १०.१०)

धागा काढला तेव्हा वाटलं होतं दोन-चार प्रतिसाद येतील. हे वाचून मला आमची पद्मिनी आठवली. बाबांकडे १९८४ ची होती. मुळात तीही फियाटचीच ११००, फक्त कुर्ल्यात प्रीमियरनं केलेली. आणि नंतर मी घेतलेल्या स्विफ्ट डिझेलचं १.३ मल्टिजेटही फियाटचंच. लोक त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे, टाटा, मारुती, सगळ्यांच्या पोटात तेच. म्हणजे आमच्या घरात चाळीस वर्षं फियाट होती आणि आम्हाला कधी वाटलं नाही की याच माणसांच्या हातात फेरारीही होती. मोठी माणसं आहेत हो, उगाच बोललो सनमायका.

पण लेखाजोखांना एक विचारतो. आकड्याचा हव्यास २०१७ ला संपला. मग २०२४ ला निम्म्याहून खाली का आले?

---

लेखाजोखा (बुधवार, सकाळी १०.३०)

चांगला प्रश्न. दुकानात मालच नव्हता.

गिब्ली, क्वात्रोपोर्ते आणि लेवांते, ज्या तीन गाड्यांवर घर चालायचं, त्या २०२३-२४ मध्ये बंद झाल्या. जागी नवं क्वात्रोपोर्ते यायचं होतं, विजेवरचं, ते पुढे ढकलत २०२८ पर्यंत गेलं. राहिली मुख्यतः ग्रेकाले, आल्फा रोमिओ स्तेल्व्हिओच्या सांगाड्यावरची, आणि ग्रानतुरिस्मो-एमसी-२० सारख्या हौसेच्या गाड्या. त्यातही सगळा भर 'फोल्गोरे' म्हणजे विजेच्या गाड्यांवर. आता गंमत बघा, मासेराती घेणारा आवाज विकत घेतो. त्याला आवाज नसलेली गाडी जास्त किमतीला द्यायला गेले.

जुलै २०२४ ला स्टेलांटिसच्या वित्तप्रमुखांनी सूचक बोलून टाकलं की मासेरातीसाठी योग्य घर कोणतं ते कधीतरी बघावं लागेल. लगेच कंपनीचा खुलासा, विकायची नाही. डिसेंबर २०२४ ला बडे साहेब ताव्हारेस स्वतःच गेले. २०२५ च्या सुरुवातीला दीड अब्ज युरोंच्या नव्या मॉडेलांच्या योजना गुंडाळल्या, त्यात विजेची एमसी-२० पण. यावर मी मालकाला माफ करणार नाही. वाढवताना वेड्यासारखी वाढवली, आवरताना वेड्यासारखी आवरली.

---

हालोल_बी_शिफ्ट (बुधवार, दुपारी ३.१०)

आणि जग्वार कुणी काढलीच नाही अजून? ती तर आपल्या टाटांची.

---

लेखाजोखा (बुधवार, दुपारी ३.२५)

काढू नका. फोर्डनं जग्वार एकटी सुमारे अडीच अब्ज डॉलरला घेतली, माँडेओच्या सांगाड्यावर २००१ ला एक्स-टाइप बसवली, आणि २००८ ला लँड रोव्हर बांधून दोन्ही मिळून टाटांना २.३ अब्जात दिली. त्यावर दोनशे प्रतिसाद होतील आणि शनिवारी मला रिटर्न भरायचेत.

---

त्रिशूळभक्त (बुधवार, सायंकाळी ६.४०)

एक बरी बातमी. ग्रानतुरिस्मो तुरिनच्या मिराफिओरीत जुळत होती, ती आता मोदेनाच्या जुन्या कारखान्यात परत आणलीये. एमसी-२० चं नवं रूप 'एमसी-पुरा' २०२५ मध्ये आलं, तीही मोदेनाचीच. सहा हजार विकणारं घर परत सहा हजारांचं होऊ दे ना. काय बिघडलं?

---

साचेवाला (गुरुवार, सकाळी ६.२०)

बिघडत काही नाही. पण सहा हजारांच्या घराला साडेनऊशेचं बटण स्वतःचं करावं लागेल. मी म्हणत होतो तेच.

पाद्रारोडकर, ती गाडी अजून आहे का? मला बटण बघायचंय.

---

पाद्रारोडकर (शनिवार, दुपारी २.३०)

आज काकांना घेऊन गेलो. आधी सेवउसळ, कारण काकांनी सांगितलं की रिकाम्या पोटी प्लास्टिकचा दर्जा कळत नाही.

गाडी तिथेच होती. फडका नव्हता, काकांना येताना बघून पोऱ्यानं काढला असावा. शेठनं चावी दिली. काका आत बसले, चामड्याकडे, घड्याळाकडे बघितलंही नाही. खिशातून भिंग काढलं (खरंच काढलं!) आणि दाराच्या हातावर वाकले. पहिल्यांदा बोटाचं टोक बटणाच्या कडेनं फिरवलं. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे एक बारीक रेघ येते, ती शोधत होते. मग बटण हळूहळू दाबलं, अर्ध्यावर थांबवलं, सोडलं. परत. चारही बटणं. मग इंजिन चालू न करता काच खाली-वर. शेठ मला हळूच म्हणाला, "काका इन्शुरन्समधून आले आहेत का?"

बाहेर येऊन काका म्हणाले, "रेघ खालच्या अंगाला फिरवलीये, बोटाला लागत नाही. दाणा एकसारखा. चारही बटणांना दाब सारखा. साचा करणाऱ्यानं मन लावून केलाय. ज्या गाडीसाठी केला त्या गाडीत हे बटण फार चांगलं आहे."

मी विचारलं, आणि या गाडीत? तर म्हणाले, "या गाडीत ते पाहुणं आहे." आणि स्कूटरकडे चालायला लागले.

---

साचेवाला (शनिवार, दुपारी ३.००)

भिंग मी रोजच बाळगतो. पेपरातल्या बारीक जाहिराती वाचायला लागतं. उगाच हसू नका.

---

माहेर_इंदूर (शनिवार, सायंकाळी ५.१५)

मग घेतली का शेवटी गाडी?

---

पाद्रारोडकर (शनिवार, रात्री ९.०५)

ही? नाही हो ताई. आईला आत बसवून बघायचं मनात आलं होतं, पण त्या सीटवरून तिला उठवायला दोन माणसं लागतील. सात सीटांची जपानी नोंदवून आलो, चाळीस हजार भरून. मासेरातीवाला शेठ म्हणत होता, आत्ता चेक द्या, आत्ता चावी घ्या. जपानीवाल्यानं सांगितलं, सात महिने थांबा, आणि रंग आम्ही ठरवू.

---

खंडेराव_मार्केट (शनिवार, रात्री ९.१०)

एन्झोचं वाक्य त्या जपान्यांनी वाचलेलं दिसतंय.

---

हालोल_बी_शिफ्ट (शनिवार, रात्री ११.५०)

पांढरा रंग देतील. तोच जास्त असतो लाइनवर.